मृत्युनोंदीचे पान आणि पडद्यावरची ओळ

महाराष्ट्रातील तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत २०२३ पासून जेवढी वर्दळ झाली, तेवढी त्यापूर्वीच्या अनेक दशकांत मिळूनही झाली नसेल. त्या वर्षीच्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा समाजातील ज्या कुटुंबांच्या पूर्वजांची नोंद 'कुणबी' अशी झालेली असेल, ती कुटुंबे हुडकण्याचे काम सुरू झाले. धूळ खात पडलेले गठ्ठे सोडले गेले. शाळांची प्रवेशपुस्तके, पाहणीपत्रके, खासरापत्रके आणि कुळांच्या नोंदी यांच्या जोडीने गावोगावची जन्ममृत्यूची जुनी पुस्तके बाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला आणि लाखो नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढविण्यात आल्या. पणजोबा कधी वारले हा प्रश्न आजवर श्राद्धाच्या आदल्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारला जात असे. आता तो पणतूच्या प्रवेश-अर्जापाशी येऊन उभा राहिला आहे.

आरक्षणाच्या वादात शिरण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्या वादाच्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली दिसते. संकेतस्थळावर जे दिसते तीच नोंद, आणि जे दिसत नाही ते नाहीच, ही ती गोष्ट होय. वंशावळ शोधणाऱ्या हौशी मंडळींचाही आज असाच समज झालेला आहे. पूर्वी कुलवृत्तांत रचणारे गृहस्थ गावोगाव पत्रे पाठवीत, भाऊबंदांच्या ओसरीवर बसून माहिती गोळा करीत आणि चार ठिकाणचे चार पाठ एकमेकांवर ताडून पाहत. त्यांच्याही चुका होत, नाही असे नाही. मुलींना तर पुष्कळ कुलवृत्तांतांतून एक ओळही मिळालेली नाही. परंतु आपण जे लिहितो आहोत ते ऐकीव आहे, याचे भान त्यांना असे. पडद्यावर नाव टंकून क्षणार्धात तारीख मिळविणाऱ्याला हे भान राहत नाही, कारण पडद्यावरचे अक्षर छापील असते आणि छापील अक्षरावर आपला विश्वास पिढीजात आहे.

मूळ नोंद कशी होत असे, हे आधी पाहिले पाहिजे. १८८६ साली जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचा कायदा झाला, पण त्या कायद्याखालील नोंदणी ऐच्छिक होती. खेड्यातील मृत्यूची नोंद हा मुलकी आणि पोलीस व्यवस्थेचा भाग होता. मुंबई इलाख्यात पोलीस पाटलाने वर्दी द्यावी आणि ती कुलकर्ण्याच्या लेखणीने पुस्तकात उतरावी. वऱ्हाड-नागपूरकडे हेच काम कोतवालाकडे असल्याने त्या पुस्तकाला आजही 'कोतवाल बुक' असेच म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात ते 'गाव नमुना नंबर १४' या नावाने ओळखले जाते. (आजच्या महसुली नमुन्यांत याच क्रमांकाखाली गावाच्या पाणीपुरवठ्याची माहिती असते. नुसता क्रमांक वाचून कचेरीत गेलेल्या माणसाच्या हाती विहिरींची यादी पडली, तर त्याने आश्चर्य मानू नये.) त्या काळच्या सरकारला या नोंदीतून हवे होते ते साथीच्या रोगांचे आकडे. कोण मेला यापेक्षा किती मेले आणि कशाने मेले, याची सरकारला अधिक चौकशी होती. आपण आज त्या पुस्तकाला जो प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर देण्यासाठी ते पुस्तक लिहिलेच गेले नव्हते.

त्यामुळे त्यातील नावे ही आपल्या अर्थाने नावे नव्हेत. आडनाव लिहिण्याची चाल क्वचित. 'विठू बिन रामा' असे लिहिले की गावाला पुरे होई. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, हे ज्याला ठाऊक नाही अशा नकलनविसाने 'बिन' हे नावाचे दुसरे अक्षर समजून 'विठूबिन' नावाचा नवाच माणूस जन्माला घातला, तर दोष एकट्या त्याला देता येत नाही. स्त्रियांची अवस्था याहून वाईट. 'रामाची बायको', 'विठूची आई' एवढ्यावर एका बाईचे साठ वर्षांचे आयुष्य आटोपलेले असते. तान्ह्या मुलांना तर नावच नसे. 'मुलगी, तीन दिवस' एवढेच. अशा नोंदी शोधयंत्राच्या चौकटीत नाव टंकून सापडावयाच्या कशा? आणि सापडल्या नाहीत म्हणून ती बाई त्या गावात मेलीच नाही, असे म्हणावयाचे काय?

वयाच्या रकान्यात चाळीस, पन्नास, साठ हे आकडे जितक्या वेळा येतात तितक्या वेळा एक्केचाळीस, त्रेपन्न किंवा सदुसष्ट येत नाहीत. वर्दी देणाऱ्याने अंदाजाने सांगितले आणि लिहिणाऱ्याने पूर्णांक केले. या वयावरून मागे मोजून कोणी पूर्वजाचे जन्मवर्ष ठरविले, तर ते पाच-दहा वर्षांनी सहज चुकेल. पण संगणकावरील वंशवृक्षात ते साल एकदा शिरले की एका वृक्षावरून दुसऱ्या वृक्षावर उतरत जाते. दहा ठिकाणी तोच आकडा दिसू लागला की तो सिद्ध झाला, असे वाटू लागते. वास्तविक ते दहा साक्षीदार नसतात. साक्षीदार एकच असतो आणि बाकीचे नऊ जण त्याचेच ऐकून बोलत असतात.

मृत्यूच्या कारणाचे प्रकरण तर फार बोलके आहे. जुन्या पुस्तकांत पटकी, देवी, हगवण आणि सर्पदंश ही कारणे सापडतात, पण सर्वांत मोठा कोठा 'ताप' या शब्दाचा. ज्याचे निदान झाले नाही ते सारे तापात जमा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मेलेल्यांपैकी असंख्य लोक कागदोपत्री 'तापाने' मेले आहेत. त्या साथीत देशातील नोंदणीची यंत्रणाच कोलमडली. लिहिणारे आजारी आणि वर्दी देणारेही आजारी. म्हणूनच त्या वेळचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास थांबला आणि पुढच्या अभ्यासकांना मात्र तो एक कोटीच्या पुष्कळ वर न्यावा लागला. त्याआधीच्या प्लेगच्या काळात चुकीचे कारण निराळे होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला, पुढच्या वर्षी पुण्यात घरझडत्या आणि विलगीकरणाच्या छावण्या आल्या, आणि लोक मृत्यूच लपवू लागले. ज्या नोंदीमुळे घर रिकामे करावे लागते, सामान जाळले जाते आणि बायकामुलांना छावणीत नेले जाते, ती नोंद खरी कोण करील? त्या दोन-चार वर्षांतील शहरी नोंदींतून आपला पूर्वज सापडला नाही, किंवा सापडला आणि कारण भलतेच निघाले, तर त्यामागे हा इतिहास उभा आहे हे विसरून चालणार नाही.

याखेरीज कालगणनेचा घोळ आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील कागद उर्दूत आणि सन फसली. हैदराबादेत हे वर्ष ऑक्टोबरात, आझर महिन्यापासून सुरू होई. तेव्हा फसली सनात ५९० मिळवावयाचे की ५९१ हे महिना पाहून ठरते. शकात ७८ की ७९ हाही प्रश्न तसाच. घाईने बेरीज करणारा माणूस वर्षाची चूक सहज करतो, आणि ती चूक मूळ कागदात नसून नकलेत असते. जिल्ह्यांच्या सीमाही हलल्या. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून निघाला, जालना त्याआधी १९८१ साली औरंगाबाद व परभणीतून, आणि आता उस्मानाबाद हेच नाव धाराशिव झाले. जुना कागद कोणत्या कचेरीत राहिला आणि त्याची प्रतिमा कोणत्या जिल्ह्याच्या नावाखाली चढली, हे गाव ठाऊक असूनही सांगता येईलच असे नाही.

मोडीच्या वाचनाविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. संक्षेपांची तर रेलचेल. 'कु.' हे अक्षर जातीच्या रकान्यात असेल तर एक अर्थ होतो आणि नावाच्या आधी असेल तर दुसरा. रकाने आखलेले नसतील, एकाच्या शाईचा डाग दुसऱ्यावर पडलेला असेल, तर निर्णय वाचणाऱ्याच्या अनुभवावर आणि प्रामाणिकपणावर अवलंबून राहतो. गेल्या शतकाच्या मध्यानंतर मोडी आपल्या शाळांतून गेली. आज ती वाचणारे थोडे, त्यांतही जुन्या दफ्तराचा सराव असलेले त्याहून थोडे, आणि त्यांच्यापुढे ढीग मात्र लाखो पानांचा. या लोकांनी केलेल्या कामाविषयी आदरच व्यक्त केला पाहिजे. परंतु वाचन कोणी केले, केव्हा केले, कोठे अक्षर संशयित होते, हे नकलेसोबत नोंदलेले नसेल तर पुढच्या माणसाने ते तपासावे कसे? संशोधनाच्या क्षेत्रात पाठाखाली टीप देण्याचा रिवाज राजवाड्यांच्या पिढीने घालून दिला. तो रिवाज सरकारी संकेतस्थळाला अपवित्र वाटण्याचे कारण नाही.

आता कोणी म्हणेल की हा सारा जुन्या काळचा गोंधळ झाला; १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम १९७० पासून लागू झाल्यावर नोंदणी सक्तीची झाली, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर देशभराच्या नोंदींचा एकत्रित संगणकीय साठा उभा राहत आहे. हे खरे आहे आणि स्वागतार्हही आहे. तथापि या कायद्याची रचना समजून न घेता शोध करणारा येथेही फसतो. मृत्यूची नोंद मृत्यू जेथे घडला तेथे होते; माणूस जेथला रहिवासी तेथे होत नाही. कोकणातून गिरणीत कामाला आलेला माणूस परळच्या एखाद्या रुग्णालयात वारला तर त्याची नोंद मुंबई महानगरपालिकेत. गावच्या ग्रामपंचायतीच्या यादीत तो कधीच सापडणार नाही, जरी त्याचे दिवस गावी झाले असले आणि सारा गाव त्याचे मरण सांगत असला तरी. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण देऊ नये असा त्याच कायद्याचा दंडक आहे. तेव्हा दाखल्यावर कारण नाही म्हणून नोंदवहीत ते नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

याच कायद्यातील एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. नोंद चुकीची ठरली तर निबंधकाने मूळ मजकुराला हात न लावता समासात दुरुस्ती लिहावयाची, खाली सही करावयाची आणि तारीख घालावयाची. म्हणजे चूकही राहते, दुरुस्तीही राहते, आणि दुरुस्ती कोणी व कधी केली हेही राहते. मृत्यूनंतर चार दिवसांनी झालेली दुरुस्ती आणि वारसाहक्काचा दावा लागल्यावर चौदा वर्षांनी झालेली दुरुस्ती यांची किंमत सारखी नसते, हे कोणत्याही वकिलाला कळते. पडद्यावरच्या ओळीला समास नसतो.

संगणकीय नोंद फसविण्यास कठीण असते हा समजही अलीकडे ढासळला आहे. २०२५ च्या आरंभी मालेगावच्या प्रकरणानंतर विलंबाने दिलेल्या जन्ममृत्यूच्या दाखल्यांची चौकशी सरकारला करावी लागली आणि असे दाखले देण्याचे काम काही काळ थांबवावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील एका चिमुकल्या ग्रामपंचायतीच्या खात्यावर, गावच्या लोकसंख्येच्या कैक पट, सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी आढळल्याच्या बातम्या आल्या. उद्याचा वंशशोधक या नोंदी पाहील तेव्हा त्याला बातमी दिसणार नाही. जिवंत माणसाला कागदावर मारण्याची कला तर संगणकाच्या आधीपासूनची आहे. आझमगडच्या लालबिहारी यांना नातलगांनी जमिनीसाठी १९७० नंतरच्या दशकात मृत ठरविले आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यास त्यांना १९९४ पर्यंत झगडावे लागले. त्यांनी आपल्या नावापुढे 'मृतक' ही उपाधीच लावून घेतली.

परदेशांतील साधने अधिक चोख असतील ही आपली आणखी एक श्रद्धा. १९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांची तिसरी पिढी आता आजोबांची माहिती तेथील सामाजिक सुरक्षा खात्याच्या मृत्युसूचीत शोधते. ती सूची पेन्शन थांबविण्यासाठी बनलेली आहे, वंशावळीसाठी नव्हे. तिच्यात शेवटचा पत्ता असतो, तो मृत्यूचे ठिकाण असतोच असे नाही. २०११ साली राज्यांकडून आलेल्या लक्षावधी नोंदी तिच्या खुल्या प्रतीतून काढून घेण्यात आल्या, आणि आपल्या माहितीच्या अचूकतेची हमी ते खाते स्वतःही देत नाही. इंग्लंडच्या जुन्या सूचीत तारीखच नसते. ज्या तिमाहीत नोंद झाली ती तिमाही असते, आणि डिसेंबरअखेरचा मृत्यू पुढच्या वर्षात जाऊन बसतो. फरक असा की तेथील शोधकांना सूची आणि नोंद या दोन निराळ्या वस्तू आहेत हे सवयीने ठाऊक झालेले आहे. सूचीवरून ते दाखला मागवितात. आपल्याकडे सूचीच दाखल्याच्या आसनावर बसू पाहते आहे.

येथे घरचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. माझे पणजोबा १९१८ च्या साथीत, सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी वारले. घरात साल कोणालाच नक्की सांगता येत नसे, पण तिथी ठाऊक होती: अश्विन वद्य पंचमी. आपल्या समाजात मृत्यूचे वर्ष विसरले जाते, तिथी विसरली जात नाही, कारण वर्षश्राद्धाला तिथी लागते, साल लागत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने संगणकावर एक ओळ शोधून काढली. नाव तेच, बापाचे नाव तेच, गाव तेच, मृत्यू २ नोव्हेंबर १९१८, कारण ताप. घरात आनंद झाला. मी पंचांग काढून बसलो, तर शके १८४० मधील तो दिवस अश्विन वद्य चतुर्दशीचा, म्हणजे ऐन नरकचतुर्दशीचा निघाला. वद्य पंचमी त्यापूर्वी नऊ दिवस, २४ ऑक्टोबरच्या सुमारास येते. तेव्हा घर चुकले की सरकार चुकले? पुतण्याचे मत सरकारच्या बाजूने होते. नरकचतुर्दशीला मेलेल्या माणसाची तिथी कोणते घर विसरेल, एवढाच माझा युक्तिवाद होता, आणि तो पुरेसा नव्हता हे मलाही कळत होते.

शेवटी आम्ही मूळ पुस्तक पाहण्याची परवानगी काढली. त्याला तीन खेपा पडल्या, दोन वेळा "सगळे ऑनलाइन आहे, पुस्तक कशाला हवे?" असे ऐकावे लागले. तिसऱ्या खेपेस पान समोर आले आणि उलगडा पहिल्या नजरेतच झाला. त्या पानावर एकाखाली एक अकरा नावे होती, सर्वांची तारीख एकच, शाई एकच, लेखणीची ढब एकच. त्याआधी सुमारे दोन आठवड्यांत एकही नोंद नव्हती. साथ गावात असताना लिहिणारा बहुधा स्वतःच अंथरुणावर असावा, आणि उठल्यावर त्याने मधल्या काळातील सारे मृत्यू एका बैठकीत उतरवून काढले. २ नोव्हेंबर ही त्या अकरा जणांच्या मरणाची तारीख नव्हती. ती त्याच्या बऱ्या होण्याची तारीख होती. पडद्यावर प्रत्येक ओळ एकेकटी येते. शेजारच्या दहा ओळी दिसल्या नसत्या, तर हे कळण्याचा मार्ग नव्हता.

तिथीला सर्वत्र असाच मान द्यावा असे मी म्हणणार नाही. ज्या बाईचे श्राद्ध अविधवा नवमीस होते, तिच्याविषयी एवढेच कळते की ती नवऱ्याआधी गेली. ज्याचे सर्वपित्री अमावास्येस होते त्याची तिथी बहुधा हरवलेली असते. परंतु एक साक्ष म्हणून तिथी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या ही दुसरी साक्ष. तेथे अस्थी घेऊन आलेल्या मुलाची स्वतःच्या हातची सही सापडू शकते. जमिनीच्या फेरफारातील वारसनोंद ही तिसरी, कारण ती करणाऱ्याचा स्वार्थ गुंतलेला असला तरी हरकत घेणारे भाऊबंदही तेथे हजर असतात. जातीच्या दाखल्याच्या कामात तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तो सिद्ध करण्याचा भार २००१ च्या राज्य कायद्याने अर्जदारावर टाकलेला आहे, आणि स्वातंत्र्यपूर्व कागदाला पडताळणीत मोठे वजन असते. एका संशयित अक्षराने एका घराचे दार उघडते आणि शेजारच्या घराचे बंद होते. अशा वेळी अर्जदाराला मूळ पानाची संपूर्ण प्रतिमा, मागच्यापुढच्या पानांसह, विनासायास मिळाली पाहिजे. मोडीचे वाचन ज्याने केले त्याचे नाव तेथे असले पाहिजे. आणि प्रतिमा घेऊन झाल्या म्हणून मूळ पुस्तके पावसाळी कोपऱ्यात लोटली जाणार नाहीत, याची लेखी जबाबदारी कोणा एका अधिकाऱ्यावर असली पाहिजे. सरकारने या कामावर जो खर्च केला, त्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

आमच्या पणजोबांचे श्राद्ध वद्य पंचमीलाच चालू आहे. संकेतस्थळावर तारीख अद्याप २ नोव्हेंबर आहे. ती बदलावी असा अर्ज मी केलेला नाही, कारण पुस्तकात तीच लिहिली आहे. त्या पानावरील उरलेल्या दहांपैकी चार घरे आज गावात आहेत. त्यांच्याकडे मी त्या पानाची प्रत नेऊन दिली. एका घरच्या म्हाताऱ्या बाईंनी ती वाचून घेतली आणि त्यांच्या आजेसासूचे श्राद्ध कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी असते, असे सांगितले. यादीत आठव्या ओळीवर 'गणूची बायको' अशी नोंद आहे, ती बहुधा त्यांचीच.